तीस दिवसांचा होकार

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. निळ्या पुठ्ठ्याचा, तळहाताहून जरा मोठा. सोलापुरातल्या एका गिरणी-चाळीत, पत्र्याच्या ट्रंकेत, घोंगडीच्या घडीखाली माझा मुक्काम असतो. कसरीने माझे दोन कोपरे खाल्ले आहेत. पण माझ्या एका पानावर शिक्का आहे, आणि त्या शिक्क्यासाठी एका बाईचे दोन दिवस कसे गेले, ते मला अजून विसरता येत नाही.

परमुलखात पाऊल टाकायचे तर माझ्यासारखे पुस्तक लागते. पण मी एकटा पुरत नाही. जिथे जायचे तिथल्या सरकारने 'या' म्हणावे लागते. तो होकार माझ्या पानावर उमटतो. त्याला व्हिसा म्हणतात. तो नसेल तर बोटीचा खलाशी शिडीवरूनच माघारी धाडतो.

साल एकोणीसशे चौतीस. माझी मालकीण चिमाबाई गिरणीत सूत गुंडाळायची. मूळची सांगोल्याकडची धनगराची लेक. नवरा नव्हता. एकुलती एक लेक वच्छला समुद्रापलीकडे, इराकातल्या बसऱ्याला दिली होती. जावई तिथल्या रेल्वेत फिटर. वच्छलाचे पहिले मूल तिथेच, परक्या हातात, जन्मताच गेले. आता ती पुन्हा गरोदर होती, आणि डॉक्टरांनी बोटीचा प्रवास मना केला होता. तिने पत्रात एवढेच लिहिले होते, 'आई, मला माहेरी येता येत नाही. या खेपेला माहेरच इकडं आण.'

चिमाबाईने ते पत्र तीन जणांकडून वाचून घेतले. मग सांगोल्याहून धाकटा भाऊ धोंडीराम याला बोलावले. त्याचा कळप होता, आणि त्या कळपात तिच्या वाट्याची वीस मेंढरे होती.

"रुपयात मला कळत न्हाई, धोंड्या. मेंढरात सांग."

धोंडीरामने बोटांवर हिशेब केला. "जायाची बोट सात मेंढरं. यायाची सात. परतीचं तिकीट आधी काढल्याबिगर सोडत न्हाईत म्हनं. रेल्वे नि मुंबईचा मुक्काम दोन. पासपोर्टाची नि व्हिसाची फी मिळून दोन. अठरा झाली."

"नि ऱ्हायली दोन?"

"अडीनडीला."

"मंग बोटीवर खाऊ काय?"

"त्ये मेंढरात बसत न्हाई, आक्का."

तिने जेवणाची सोय स्वतःच केली. बाजरीच्या कडक भाकरी थापल्या. दिवसाला दोन, सात दिवस जायला. येतानाच्या लेकीकडे भाजून घ्यायच्या. शेंगाचटणीचा डबा, सुंठ, डिंक, आणि बाळासाठी मऊ घोंगडीचा तुकडा. प्रत्येक भाकरीचा दिवस ठरलेला होता. एक दिवस जास्तीचा नव्हता.

माझ्यासाठी तिला फोटो काढावा लागला. बाजारातल्या गुरप्पाचा स्टुडिओ त्या भागात नावाजलेला. गुरप्पा मायाळू माणूस. त्याचा एक रिवाज होता: फोटोच्या काचेच्या प्लेटवर बारीक पेन्सिल फिरवून तो प्रत्येक चेहरा साजिरा करायचा. लग्नाच्या मुलींकडचे लोक दूरदुरून त्याच्याकडे यायचे ते त्यासाठीच. चिमाबाईच्या गालांवर लहानपणच्या देवीचे व्रण होते. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. गुरप्पाने प्रेमाने, एक दुपार खर्ची घालून, सगळे पुसले.

इकडे अर्ज भरणाऱ्या कारकुनाने बाईला समोर उभे करून ओळखीच्या खुणा लिहिल्या: चेहऱ्यावर देवीचे व्रण, कपाळावर व हनुवटीवर गोंदण. त्याने चेहरा पाहिला, फोटो पाहिला नाही. दोन्ही एकाच पाकिटातून मुंबईला गेले, आणि तिथे माझा जन्म झाला. मित्रांनो, मी जन्मलो तोच एका पानावर खरे आणि दुसऱ्या पानावर खोटे घेऊन. मला ते ठाऊक होते. पण कागदाला तोंड नसते.

मंगळवारी दुपारी आम्ही मुंबईत व्हिसाच्या कचेरीत पोहोचलो. बोट गुरुवारी सकाळी होती, आणि पुढची त्यानंतर आठ दिवसांनी. ती बसऱ्याला पोहोचायच्या आतच वच्छलाचे दिवस भरत होते.

तिथल्या कारकुनाने मला उघडले. त्याचे बोट खुणांवरून फिरले, फोटोवर आले, पुन्हा खुणांवर गेले.

"ही बाई कोण?"

"मीच की," चिमाबाई म्हणाली.

"इथं गोंदण लिहिलंय. फोटोत कुठाय?"

धोंडीराम पुढे सरकला. "सायेब, गोंदण हाय की! बोट लावून बघा, जातंय का!"

"तिच्या तोंडावर आहे हो. फोटोत नाही."

"मंग तोंडाला बघा की दादा," चिमाबाई काकुळतीने म्हणाली. "जित्ती समोर उभी हाय. कागदाला काय बघताय?"

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मला मिटले आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी तुम्हाला पाहिलं. बसऱ्याच्या धक्क्यावर मी नसेन. तिथला माणूस कागदच बघणार, आणि तिथूनच परत पाठवणार. उद्या तीनच्या आत फोटो बदलून आणा. तीनला कचेरी बंद."

चिमाबाई कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. मग म्हणाली, "धनी गेलं तवा लोकांनी कुंकू पुसलं. गोंदण कुनाच्या बापाला पुसता आलं न्हवतं. ह्या गुरप्पानं पुसलं बघ."

अडीनडीच्या दोन मेंढरांतले एक गुरप्पाला केलेल्या तारेत गेले. त्या संध्याकाळी तिने भाकरी खाल्ली नाही. बोटीवरचा दिवस कमी पडेल म्हणाली.

बुधवार उजाडला. सोलापूरची गाडी बाराला येणार होती, ती आली साडेबाराला. गर्दीतून गुरप्पा धावत आला. टोपी नाही, शर्टाचे एक बटण तुटलेले, आणि दोन बोटांच्या चिमटीत फोटो. तार हातात पडताच त्याने प्लेटवरची पेन्सिल स्पिरिटने पुसून काढली होती आणि नवा फोटो छापला होता. तो वाळेना म्हणून गाडीभर खिडकीशी धरून आला होता. हात खाली केला नव्हता.

"चिमाक्का, माझं चुकलं. मला वाटलं, साहेबासमोर जायचंय, चेहरा चांगला दिसावा..."

"माझा चेहरा वाईट हाय व्हय रे, मुडद्या?"

गुरप्पाने फोटो पुढे केला. बोलायला वेळ नव्हता. पासपोर्टाच्या कचेरीत दीड तास गेला. तिथे वाफ देऊन माझ्यावरचा जुना फोटो सोलला. दुखले, पण हायसे वाटले. त्या जागी खरी चिमाबाई बसली. व्रणांसकट, गोंदणासकट, जराशी रागावलेली.

मग तिघेही पळत सुटले. चिमाबाईने मला कनवटीला इतके घट्ट खोचले होते की तिच्या काळजाचे ठोके माझ्या पानापानात वाजत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तीनला पाच मिनिटे कमी होती. कारकून शाईची पेटी मिटत होता. त्याने फोटो पाहिला, तिला पाहिले, आणि पेटी पुन्हा उघडली.

"किती दिवस राहणार?"

चिमाबाई धापा टाकत होती. धोंडीरामला पुढचा विचार करायला उसंत कुठली? तो भसकन म्हणाला, "म्हयना!"

शिक्का पडला. तीस दिवस. धोंडीराम लहान पोरासारखा रडला. गुरप्पाने परतीचे गाडीभाडेसुद्धा घेतले नाही.

गुरुवारी बोट निघाली. डेकवर चटई टाकून, लाटांकडे बघत ती गुणगुणायची:

लेकीच्या गावा जाया, वाट न्हाई पायाखाली
समिंदरा दादा माझ्या, लेक तुझ्या हवाली

बसऱ्याच्या धक्क्यावर गोऱ्या टोपीवाल्याने मला उघडले. माझी पाने घामेजली. त्याने कपाळ पाहिले, हनुवटी पाहिली, आणि मान हलवली. दोन दिवसांनी वच्छलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दाराबाहेर खुंटीला टांगलेल्या बटव्यातून मला काही दिसत नव्हते. फक्त चिमाबाईचा आवाज येत होता, "मी हाय. मी हितंच हाय. हात सोडू नगं." दुपार कलली. आणि मग एक बारीक, चिडका टाहो फुटला. मुलगी. जिवंत.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते.

बाळंतिणीला सव्वा महिना, म्हणजे चाळीस दिवस, आईचा हात लागतो. तेल, शेक, धुरी, बाळाचे अंग. हे चिमाबाईला ठाऊक होते, धोंडीरामलाही ठाऊक होते. पण तीनला पाच मिनिटे कमी असताना कुणालाच आठवले नाही. मुदतीच्या आतली शेवटची बोट आली तेव्हा बाळ सव्वीस दिवसांचे होते. जावई मला घेऊन कचेऱ्या फिरला. होकार वाढवून मिळाला नाही.

त्या सकाळी चिमाबाईने शेजारच्या अरबी बाईला समोर बसवून, हातानेच खुणा करून, बाळाची टाळू कशी भरायची ते शिकवले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. वच्छला उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आणखी चौदा दिवस गं, आई."

चिमाबाईने मला उघडून तिच्यापुढे धरले. "मला वाचाया येत न्हाई, पोरी. पर ह्यो म्हनतोय, जा."

ज्याने तिला आत आणले, त्यानेच तिला बाहेर काढले. त्या क्षणी मला माझ्याच शाईची लाज वाटली.

पुढे पाच वर्षांत माझी मुदत संपली. नवी करायला हवी हे कुणाच्या ध्यानात आले नाही. ट्रंकेत मी दमट झालो. बसऱ्याहून 'ये' म्हणणारी पत्रे येतच राहिली.

म्हणून एकच मागणे आहे, मित्रांनो. आम्हा कागदांना कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा आमच्या तारखा वाचा. आणि परमुलखाचा बेत आखताना पैसे मोजाल, शिदोरी मोजाल, तसे घरच्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवून आधी विचारा, 'तुला तिथं किती दिवस लागतील?' ती सांगेल. तेवढेच मागा, एकही कमी नको.