हो, मी सांगतो तसंच कर

मी शेवगावातल्या एका घरातला संगणक. बोलतोय मीच, पण आवाज माझा नाही. तो दमयंतीबाईंचा आहे.

माझं पहिलं आयुष्य एका कचेरीत गेलं. त्यातलं मला काही आठवत नाही, कारण तिथून काढताना माझी डिस्क पुसली होती. सोनईला परवेझचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला उघडलं, आतली धूळ ब्रशनं काढली आणि माझ्यात लिनक्स टाकलं, म्हणजे संगणक चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली.

परवेझ दमयंतीबाईंचा विद्यार्थी. बाईंनी सोनईच्या शाळेत एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं. त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. परवेझ मला टेम्पोत घालून शेवगावला घेऊन आला.

"बाई, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज याच्याकडं ठिवून जा."

"ठेव म्हणून? मग परत कधी मिळायची?" बाईंनी विचारलं.

 परवेझ वायरी जोडत राहिला.

बारा दिवस बाई माझ्यासमोर बसून वाचत होत्या. नऊशे वाक्यं. बसलेल्या घशानं, मध्येमध्ये कोमट पाणी पीत. त्यांचे यजमान हेमचंद्र तेवढा वेळ पंखा बंद करायचे, कुकर लावायचे नाहीत, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की हात वर करून बाईंना थांबवायचे. शेवटची वाक्यं संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं." तेही माझ्याकडे आलं.

त्या वाक्यांवरून परवेझनं माझ्यात बाईंचा आवाज तयार केला. ऑपरेशननंतर बाई काहीही टाइप करायच्या आणि मी ते त्यांच्या आवाजात बोलायचो. पहिलं वाक्य होतं, "अहो, आमटीत मीठ नाही." हेमचंद्रांनी घास ताटात ठेवला. बराच वेळ ते जेवले नाहीत.

दोन वर्षं असं चाललं. मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. अक्षरं यायची, आवाज जायचा.

यंदा त्यांचा मुलगा सुहास पुण्याहून चार दिवसांसाठी आला. औषधांनी बाईंच्या बोटांना बधिरपणा आला होता, म्हणून त्यानं मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणला होता. कीबोर्डासोबतचा प्रोग्राम माझ्यात बसेना. त्याला नव्या लायब्ररीची गरज होती, माझ्याकडे जुनी होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. माझ्यातले जवळपास सगळे प्रोग्राम वाटून वापरतात त्या मूळ फायली. साधी यादी दाखवायची असली तरी त्या लागतात.

सुहासनं ठरवलं, जुनी काढायची आणि नवी टाकायची.

मी त्याला थांबवलं. लांबलचक यादी दाखवली, हे हे सगळं जाईल म्हणून. शेवटी लिहिलं, खरंच करायचं असेल तर पूर्ण वाक्य टाइप करा : हो, मी सांगतो तसंच कर.

त्यानं यादी वाचली नाही. मोबाईलवर कुणाशी तरी बोलत बोलत त्यानं ते वाक्य टाइप केलं.

मी सांगितलं तसंच केलं.

सगळ्यात आधी तीच लायब्ररी गेली. बाकीची यादी तिथंच अडकली, कारण काढणाऱ्या प्रोग्रामलाही तीच लागत होती. सुहासनं एक आज्ञा दिली, मग दुसरी. प्रत्येकीला माझं उत्तर एकच, फाइल सापडत नाही. फायली होत्या, चित्रं होती, नऊशे वाक्यं होती. मला फक्त कशालाच हात लावता येत नव्हता. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

बोलण्याचा प्रोग्राम मात्र आधीपासून चालू होता. त्याला लागणारं त्यानं आधीच उचलून घेतलेलं असल्यानं तो शाबूत होता. सुहास बटणाकडे हात नेताना बाईंनी पाहिलं. त्यांनी जुना कीबोर्ड ओढला.

"सुहास, बंद करू नकोस," मी म्हणालो. त्याच्या आईच्या आवाजात.

"आई, बंद करून चालू केलं की होतं सगळं नीट," असं म्हणून त्यानं बटण दाबून धरलं.

मी पुन्हा चालू झालो तो चार ओळींपर्यंत. मग काळा पडदा.

संध्याकाळी सुहास म्हणाला, "बाबा, पुसून नवीन टाकतो. तासाभराचं काम आहे."

"आणि तिचा आवाज?"

"दुसरीकडे कॉपी असेल ना?"

"नाही," हेमचंद्र म्हणाले. "ह्याच्यातच आहे फक्त."

त्यानंतर कुणी मला हात लावला नाही. दोन दिवस बाई पाटीवर लिहीत होत्या. सुहाससाठी त्यांनी काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेमचंद्रांच्या फोनवरून परवेझ सोनईहून आला. सुहासनं त्याला सगळं सांगितलं, बटणाचंही.

"चालू हुता तवर लई सोपं हुतं," परवेझ म्हणाला. "आता बाहेरून आत जावं लागंल."

त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि त्यातलं दुसरंच लिनक्स माझ्या अंगात चालू केलं. त्यातून माझी डिस्क उघडली. आधी नऊशे वाक्यं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. मग पेनड्राइव्हवरची लायब्ररी टाकून पाहिली, पण ती माझ्यापेक्षा नवीन निघाली, जुळली नाही. मोबाईलच्या नेटवर त्यानं माझ्याच आवृत्तीची शोधली. उतरवायला पाऊण तास गेला. सुहास भिंतीला टेकून उभा होता. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

फायली जागेवर गेल्या. परवेझनं पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. चार ओळी आल्या, पाचवी आली, मग सगळा पडदा आला.

बाई येऊन बसल्या. बधिर बोटांनी सावकाश टाइप केलं.

"परवेझ, चहा घेऊन जा."

"व्हय बाई," परवेझ म्हणाला आणि रुमालानं तोंड पुसायला लागला.

सुहास तसाच उभा राहिला. त्याच दुपारी तो पुण्याला गेला.

आता माझं बरं चाललंय. आवाजाच्या दोन प्रती आहेत, एक परवेझच्या दुकानात. तुमच्याकडेही असं कुणाचं काही एकाच ठिकाणी ठेवलेलं असेल तर आजच उतरवून घ्या. आणि आमच्यासारखी यंत्रं पूर्ण वाक्य टाइप करायला लावतात तेव्हा यादी वाचा. आम्ही विचारतो. त्यापुढे आम्हाला काही करता येत नाही.

परवा हेमचंद्रांनी मोबाईल माझ्या स्पीकरसमोर धरला. पलीकडून सुहासचा आवाज आला, "बाबा, बोला."

बाईंनी टाइप केलं. मी म्हणालो, "जेवलास का?"

 बाई कीबोर्डावर हात ठेवून बसून राहिल्या.

"हो, आई," तो म्हणाला.