त्याच्या नावची परीक्षा

पाळी संपवून फिटर घरी आला, की आधी हातपाय धुवायचा, मग चहा मागायचा. त्या दिवशी चहाचा पहिला घोट घेता घेता त्याने खिशातला फोन काढला आणि बायकोच्या शिवणयंत्रावर, अर्धवट शिवलेल्या झग्यावर ठेवला.

“हे घे. पुन्हा एक आलंय. उद्या दुपारपर्यंत झालं नाही तर गेटवर कार्ड चालणार नाही म्हणे.”

तिने दातात धरलेला दोरा तोडला. “आता कसलं?”

“सुरक्षेचं. बंदिस्त जागेतलं काम. तूच बघ, मला त्यातलं काय कळतंय?”

“काम तुम्ही करता की मी?”

“काम मी करतो, अभ्यास तू करतेस. यालाच संसार म्हणतात.”

कोपऱ्यातल्या खाटेवर पडलेले आबा, म्हणजे फिटरचे वडील, खो खो हसले. आबांची हयात त्याच कागदगिरणीत गेली होती. उजव्या हाताची दोन बोटं रोलरने नेली होती आणि उरलेल्या बोटांनी ते अजून पेला धरायचे. “आमच्या वेळी कसलं आलंय ट्रेनिंग,” ते म्हणाले. “ठेच लागली की माणूस आपोआप शिकतो.”

गिरणीत पूर्वी सुरक्षेचा एक म्हातारा अधिकारी होता. महिन्यातून एकदा तो यंत्रं थांबवायला लावायचा, माणसं गोळा करायचा, कमरेला दोर कसा बांधायचा ते स्वतः बांधून दाखवायचा आणि चुकणाऱ्याला सगळ्यांदेखत शिव्या घालायचा. तो निवृत्त झाला आणि त्याची खुर्चीही उचलली गेली. यंत्रं थांबवणं गिरणीला परवडत नव्हतं. मग ते शिक्षण फोनवर आलं. चित्रफीत बघायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची, बटण दाबायचं, की प्रमाणपत्र हजर. पण पाळीत फोन हातात घ्यायला बंदी, आणि पाळी सुटल्यावर माणूस चोथा होऊन घरी यायचा. कामगारांनी तक्रार केली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, “घरात कोणी शिकलेलं असेल ना? घ्या त्यांच्याकडून करून. मला यादीत सगळी नावं हिरवी दिसली पाहिजेत, बाकी तुम्ही जाणा.”

तेव्हापासून ही चाल पडली. कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाची शाळकरी मुलगी गिरणी कधीही न बघता गिरणीची परीक्षा देऊ लागली. वाईट चाल दर वेळी वाईट तोंडाने येत नाही. ही तर मायेच्या रूपाने घरात शिरली होती. दमलेल्या माणसाचा डबा भरून द्यावा, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून द्यावं, तशी त्याची परीक्षाही देऊन टाकावी, यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

गल्लीत सगळ्यात जास्त फोन यायचे ते फिटरच्या घरी. फिटरची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची वहिनी, हुशार. लग्नासाठी शाळा सुटली, पण वाचायची ओढ सुटली नव्हती. इतर बायका चित्रफीत पुढे ढकलून नुसती उत्तरं टिपायच्या; वहिनी मात्र ती शेवटपर्यंत बघायची. फिटर थट्टा करायचा, “आमच्या गिरणीतली सगळ्यात शिकलेली कामगार तू, आणि गिरणीचं फाटक काही तू ओलांडलं नाहीस.”

त्या संध्याकाळी लंबूची बायकोही आपल्या नवऱ्याचा फोन घेऊन आली. लंबू फिटरच्या हाताखाली होता. ताडासारखा उंच, दारातून वाकून यायचा आणि तरी डोकं आपटायचा. “ताई, आमच्यांचंही करून टाका ना,” ती म्हणाली. “ते म्हणतात, पास नाही झालो तर वहिनींची तक्रार करीन.”

दोघी हसल्या. वहिनीने दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले.

पडद्यावर चित्रातला एक माणूस टाकीत उतरला आणि पडला. दुसरा त्याला काढायला उतरला, तोही पडला. मागून तिसरा. आवाज सांगत होता, की सडलेल्या मालातून विषारी वायू निघतो. आधी त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. अशा जागी जीव गमावणाऱ्यांत पुष्कळ जण असे असतात, की जे दुसऱ्याला वाचवायला आत शिरलेले असतात.

वहिनीने तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. तिने एकही उत्तर चुकवलं नाही. फिटर पैकीच्या पैकी, लंबू पैकीच्या पैकी.

जेवायला वाढताना ती म्हणाली, “अहो, ऐका ना. आज त्यात सांगत होते, टाकीत कुणी पडलं तर आपण उतरायचं नाही. बाहेरूनच...”

“पास झालो ना मी?”

“झालात. पण वासाचं तरी ऐका—”

“अगं, त्या टाक्यांच्या वासात अर्धं आयुष्य गेलं माझं. आता जेवू दे.”

बाहेरून लंबूने हाक मारली. दोघांना नाक्यावर जायचं होतं. फिटरने हात धुतला, तिच्याच पदराला पुसला आणि तिने डोळे वटारताच हसत बाहेर पडला. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुसरी कामं निघाली आणि त्या बोलण्यावर घरच्या कामांचा थर साचत गेला.

पुढे मोठं यंत्र बिघडलं आणि गिरणी काही दिवस बंद राहिली. टाकीत लगदा तसाच होता. उन्हाचे दिवस होते, वरून झाकण. भिजलेला कागद आतल्या आत कुजत राहिला. यंत्र दुरुस्त झालं त्या सकाळी सुपरवायझरला घाई होती, आणि नेमका टाकीच्या तळाचा पंप तुंबला.

“उतरा कुणीतरी, काढा तो गाळ. हवा तपासणारं यंत्र? ते बिघडलंय. दोन मिनिटांचं काम आहे, काय वाद घालता!”

लंबू उतरला. नाकाला फडकं बांधून तो शिडीवरून शिव्या हासडत खाली गेला. “दादा, काय घाण मारतंय इथं!” थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, “गेला रे वास. आता काही नाही.”

मग आवाज आला नाही.

फिटरने वाकून बघितलं. लंबू लगद्यात पालथा पडला होता. फिटर ओरडला, पायातले बूट झटकले आणि शिडीला लागला. त्याने विचार केला असं म्हणता येणार नाही. ज्याला कामाचा पहिला पाना हातात धरायला शिकवलं, तो डोळ्यांसमोर बुडतोय, एवढंच त्याला दिसलं. अर्ध्या शिडीवर त्याचे हात सुटले. त्याच्यामागे त्यांच्याच पाळीतल्या वेल्डरने शिडीवर पाय ठेवला होता. मागून कुणीतरी त्याची कॉलर धरून ओढलं, म्हणून तो वाचला.

अग्निशमन दलाची माणसं हवेच्या नळकांड्या पाठीला बांधून उतरली. त्यांनी दोघांना वर काढलं तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन्ही घरांत माणसं मावेनात. दुसऱ्या दिवशी लंबूची बायको वहिनीकडे आली. ती रडत नव्हती. उंबऱ्यातच उभी राहून तिने विचारलं, “ताई, त्या वासाबद्दल फोनमध्ये होतं?”

वहिनीने मान खाली घातली. “होतं.”

“आणि कुणाच्या मागे उतरू नये, हेही?”

“तेही होतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझ्या नवऱ्याच्या नावावर तुम्ही शिकलात, आणि मरायला तो गेला.”

भोवतीच्या बायकांनी तिला धरलं, बाहेर नेलं. वहिनी जागची हलली नाही. तिला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेराव्याचौदाव्या दिवशी गिरणीचा व्यवस्थापक आला, सोबत सुपरवायझर. व्यवस्थापक हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला, गिरणीने आपला मोहरा गमावला असं म्हणाला. मग खाकरून त्याने मुद्द्याला हात घातला.

“बाई, तुमच्या यजमानांनी हे प्रशिक्षण पूर्ण केलं होतं. पूर्ण गुण मिळवले होते. तरीही ते उतरले. नियम माहीत असून मोडला, असं कागदोपत्री दिसतं. तुम्ही सरकारी चौकशीत फार काही बोलू नका. गिरणी माणुसकी म्हणून तुमचं बघेल.”

ते गेल्यावर आबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, “सूनबाई, घरातलं घरातच राहू दे. परीक्षा तू दिलीस हे बाहेर पडलं, तर तुझ्यावरच फसवणुकीचं बालंट येईल. आणि सगळ्या गल्लीची माणसं कामावरून जातील. शेजाऱ्यांच्या पोटावर पाय आणशील का?”

“आणि गप्प राहिले तर, आबा?”

“तर काय?”

“तर तुमचा मुलगा शहाणपण असून मूर्खासारखा मेला, असं कायमचं लिहिलं जाईल. या वायूचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आबा. मी शिकले. त्याला कुणी टाकीपाशी उभं करून सांगितलं नाही. तुम्हालाही रोलरचं कुणी सांगितलं नव्हतं.”

आबांनी आपला उजवा हात नकळत डाव्या हातात झाकून घेतला. त्यांनी तिला पुन्हा अडवलं नाही.

चौकशी गिरणीच्या कँटीनमध्ये झाली. चौकशीला आलेल्या सरकारी अधिकारी बाई टेबलामागे बसल्या होत्या, बाजूला व्यवस्थापक आणि वकील. भिंतीला टेकून कामगार उभे होते. मृत दोघेही प्रशिक्षित होते, असं वकील सांगत असतानाच वहिनी उठली.

“नव्हते,” ती म्हणाली. “ती परीक्षा मी दिली. लंबूभाऊजींचीही मीच दिली. शिवणकाम बाजूला ठेवून, घरात बसून.”

वकिलाने चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही कंपनीची फसवणूक केलीत. कबूल करताय?”

“करते. काय शिक्षा असेल ती द्या. पण मला एकटीलाच फसवता आलं कसं, तेही विचारा. ज्या वेळी ही परीक्षा झाली त्या वेळी नवरा पाळीवरून दमून घरातच बसला होता. माणूस दिवसभर तुमच्या यंत्रावर असतो, आणि त्याची परीक्षा दर वेळी कुणी दुसरंच देतं, हे गिरणीला ठाऊक नव्हतं? सुपरवायझरसाहेबांनीच सांगितलं होतं, घरून करून आणा.”

“मी असं कधीही म्हणालो नाही!” सुपरवायझर ताडकन उठला.

अधिकारी बाईंनी भिंतीकडे बघितलं. “कुणी ऐकलंय?”

माणसं जमिनीकडे बघत राहिली. ज्यांचे फोन वहिनीने पास करून दिले होते, त्यांनीही माना वर केल्या नाहीत. त्यांनाही घरं होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. “मी सांगते.” लंबूची बायको पुढे आली. ती वहिनीकडे बघत नव्हती. “नवऱ्याचा फोन घेऊन मीच हिच्याकडे गेले होते. नवरा म्हणाला होता, साहेब म्हणतात बायकोकडून करून आण. मी हसत हसत गेले होते.” एवढं बोलून ती खाली बसली.

मग वेल्डर भिंतीपासून सुटला. “मला पण तेच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “माझं माझ्या मुलीनं केलं. ती शाळेत जाते.”

चौकशीतून काय निघालं? सुपरवायझरची बदली झाली. गिरणीला दंड झाला, तो गिरणीने भरला. दोन घरांना द्यायची भरपाई अजून वकिलांच्या कचेरीत अडकून आहे. गल्लीतल्या निम्म्या घरांनी वहिनीकडे शिवायला कपडे देणं बंद केलं. आणि महिनाभरात सगळ्यांच्या फोनवर नवा अभ्यासक्रम आला: टाकीत उतरण्याची सुरक्षा, सुधारित आवृत्ती.

व्यवस्थापकाने वहिनीला बोलावून घेतलं. “तुम्हाला या विषयाची जाण आहे,” तो गोड आवाजात म्हणाला. “ऑफिसात बसा. कामगारांचं हे ऑनलाइन काम तुम्हीच सांभाळा. नोकरी पक्की.”

घरात चूल पेटवायची पंचाईत होती. तिने विचारलं, “माणसं माझ्यासमोर येऊन बसतील? कामाच्या वेळात? टाकीजवळ दोर बांधून दाखवता येईल?”

“तेवढा वेळ यंत्र बंद ठेवायचं म्हणता?”

“हो.”

“बाई, ते कसं शक्य आहे?”

“मग मलाही शक्य नाही,” ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवसापासून पाळी बदलायच्या वेळी ती फाटकाबाहेर उभी राहू लागली. लंबूची बायकोही आली. अजून दोघींमध्ये बोलणं नव्हतं. पण ती आली. येणाऱ्याजाणाऱ्याला वहिनी सांगायची, बायकोला, मुलीला फोन देऊ नका, स्वतः बघा, नाही कळलं तर माझ्याकडे या, दोघं मिळून वाचू. बहुतेक जण खाली बघून निघून जात. काही जण हसत. वाचकहो, त्यांना हसू नका. न वाचता ‘वाचलं, समजलं, मान्य आहे’ वर बोट ठेवणारे आपणही त्याच रांगेत आहोत. फरक एवढाच, की आपल्या पुढ्यात टाकी नाही.

एका सकाळी वेल्डर थांबला.

“वहिनी, मी सगळं स्वतः बघितलं,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? सोबतचा आत पडलेला दिसला, तर मी तरीही उतरेन. त्या दिवशी पाय आपोआप गेला माझा.”

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

“माहीत आहे, भाऊ. पाय थांबत नाही. यांचाही थांबला नाही. म्हणून पहिल्यालाच उतरू देऊ नका. हवा तपासल्याशिवाय, वर दोर धरायला माणूस असल्याशिवाय कुणीही शिडीला हात लावायचा नाही. साहेब ओरडले तर ओरडू देत.”

आत भोंगा झाला. वेल्डर गेला. टाकीपाशी नवा सुपरवायझर एका कामगाराला खाली उतरायला सांगत होता. वेल्डर जाऊन शिडी आणि त्या कामगाराच्या मध्ये उभा राहिला.

“हवा तपासली?” त्याने विचारलं.

“बाजूला हो. उशीर होतोय.”

वेल्डर बाजूला झाला नाही. थोड्या वेळाने आणखी एक जण येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.