दोन बेडकांची वडी

मित्रांनो, मी एक जुने विश्व आहे. माझ्या जन्माविषयी विद्वानांत वाद आहेत; त्या वेळी मी फार लहान असल्याने मला काही आठवत नाही. व्याकरणात मी नपुंसकलिंगी, पण बोलिव्हियाच्या पठारावरचे बटाटे पिकवणारे लोक मला आई म्हणतात, म्हणून मीही बाईमाणसासारखी बोलते.

मला जीव आहे हे त्यांना ठाऊक आहे. तारे हे माझ्या अंगावरचे तीळ, डोंगर हे गुडघे, वारा हा श्वास. शिकलेल्यांनी मात्र माझी हेळसांड केली. एकाने दुर्बिणीतून माझे पोट मोजून ते फुगत असल्याचे जाहीर केले. जेवलीस का, हे काही त्याने विचारले नाही.

ऑगस्टात माझे तोंड उघडते. मग पठारावरचे लोक कागदावर लोकर, कोकाची पाने, लामा नावाच्या लोकरी जनावराची चरबी आणि साखरेच्या वड्या मांडून जाळतात. धूर मला पोचतो. वडीवर छापलेले चित्र म्हणजे मागणे. घर हवे तर घर, पाऊस हवा तर बेडूक. मला वाचता येत नाही. मी चित्र बघून देते.

आस्तेरिया नावाची चौसष्ट वर्षांची विधवा अशीच पाऊस मागायला आली. वर्षभराची भिस्त एका बटाट्याच्या शेतावर. चष्मा घरी. बाजारात तिने शेजारी-शेजारी बसलेल्या दोन बेडकांची वडी निवडली. दोन बेडूक म्हणजे दुप्पट पाऊस, असा तिचा हिशोब. ते बेडूक नव्हते. ते नवरा-नवरी होते.

मी वडी खाल्ली आणि कामाला लागले. पावसाचे कुणी काही बोललेच नव्हते.

तिकडे पावसाळा नोव्हेंबरात लागतो, पण तो महिना कोरडा गेला. कोंब माना टाकू लागले. तेव्हा बांधावर सेलेदोनियो उभा राहिला. वरच्या शेतातला झरा या विधुराचा. त्याच्या लामाने तिचे किन्वा धान्याचे उभे पीक खाल्ल्यापासून नऊ वर्षे दोघांत बोलणे नव्हते. टोपी हातात धरून तो म्हणाला, "बाई, झऱ्याचं पाणी तुझ्याकडे वळवतो म्हणतो."

"का रे? लामा मेला का तुझा?"

"नाही. एकट्याला एवढं पाणी काय करायचंय?"

"मग नऊ वर्षं काय करत होतास?"

"पीत होतो."

ती हसली. किन्वा गेल्यापासून पहिल्यांदाच. चर खणायला आठ दिवस लागले. एवढ्याशा चराला दोन दिवस पुरले असते, असे गाव म्हणत होते. बटाटे जगले.

पुढच्या ऑगस्टात आस्तेरिया बाजारात आली ती नाकावर चष्मा ठेवून. वडीवालीने विचारले, "पावसासाठी बेडूक देऊ ना?"

"गेल्या वर्षीचेच दोन बेडूक दे," ती म्हणाली.

"अगं, ते बेडूक नाहीत."

"मला दिसतंय."

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला दगडमाती समजू नका. ऑगस्टात माझी आठवण ठेवा, चार घास द्या. आणि काही मागताना चष्मा लावत जा. विसरलात तर राहू द्या, मी बघून घेईन.