झरोका बुजवायचा नाही

मेणबत्तीवाले आजोबा हट्टी, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सरकारी बाईंशी हुज्जत? कमाल झाली बुवा!

मामला साधा होता. रस्त्याच्या फरसबंदीखाली आजोबांचं दगडी कमानींचं तळघर. शेकडो वर्षांचं, सरकारनं संरक्षित ठरवलेलं. तिथल्या गारव्यात आजोबा मेणबत्त्या ओतायचे. वर आजीचं दुकान. दुकानाच्या दाराशी जमिनीत जो झरोका होता, त्यातून पावसाचं पाणी तळघरात उतरून कमान पोखरत होतं. तेच पाहायला पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या होत्या.

"झरोका बुजवावा लागेल," बाई तळघरात, घुमणाऱ्या कमानीखाली उभ्या राहून म्हणाल्या.

"मुळीच नाही."

"अहो, कारण तरी सांगाल?"

"दगडाला पाझर फुटेल, पण यांच्या तोंडून कारण फुटायचं नाही!" वरून आजीचा आवाज आला. गुडघ्यांमुळे तिला तळघरात उतरणं जमत नसे, म्हणून ती झरोक्यापाशी बसूनच भांडत होती.

कारण सांगायला आजोबांना लाज वाटायची. कान गेले होते त्यांचे. वर दुकानात आजीचे नुसते ओठ हलताना दिसायचे आणि हे अंदाजानं मान डोलवायचे. अशीच मान डोलवून मेव्हण्याला महिनाभर राहायला बोलावून बसले होते! पण इथं, कमानीखाली, झरोक्यातून तिचा शब्द न् शब्द घुमत यायचा. दिवसभर तो आवाज ऐकत मेण ओतायचं, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

शेवटी ते बाईंच्या कानाशी वाकले. "बुजवलात, तर तिचा आवाज मला पुन्हा ऐकू यायचा नाही हो."

कानात सांगितलं खरं, पण बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं ते! आणि झरोका काय फक्त खालीच आवाज पोचवतो?

वरून आजीचं डोकं झरोक्यात डोकावलं.

"म्हणजे मी गिऱ्हाइकांपुढे तुम्हाला खडूस म्हणते, ते ऐकता?"

"रोज."

"आणि परवा... तुमच्याशिवाय एक दिवस निभायचा नाही म्हणाले, ते?"

"तेही."

बाई घसा खाकरून म्हणाल्या, "झरोका राहू दे. वर दगडी काठ उचलून घेऊ, छोटं छप्पर घालू. पाणी येणार नाही, आवाज येईल."

"ऐकलंत का? बाईंना घेऊन वर या आता," आजी म्हणाली. आवाज जरा ओला होता. "जेवण निवतंय. तुमच्यासाठी थांबलेय मी."

आजोबांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी त्यांनी झरोक्याकडे मान वर केली.

"काय म्हणालीस?"