राखीव जागा

थोरलीनं खुर्ची पुढं ओढली आणि पडद्यावरच्या शून्यावर नख टेकवलं.

"वाच."

"काय वाचू? नुसते आकडेच आहेत."

"तोंडावर पोट आहे ना तुझं? मग वाच."

चिमणीनं वाचलं. "एकूण दोनशे. वापरलेले एकशे नव्वद. शिल्लक शून्य. भरलेली शंभर टक्के." स्वच्छ, गोड, प्रत्येक शब्दाला हवा तेवढा श्वास देऊन. अर्थाच्या वाटेला न जाता वाचायची तिला सवयच जडली होती. लहानपणी आवाज बारीक म्हणून ती चिमणी झाली, आणि आता शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच आवाजात दरवाजे लावत होत्या. दोघी बहिणींचा धंदा एवढाच. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्यांचा स्पंज ठोकलेला, मधे काच. काचेच्या एका अंगाला धाकटीचा गळा, दुसऱ्या अंगाला थोरलीचं यंत्र.

"कळलं काही?"

"भरली."

"गळ्यापर्यंत. आणि जेवणं झाली की लिफ्टवाला नव्या ओळी रेकॉर्ड करून घ्यायला दारात उभा. त्याची एक ओळसुद्धा मावायची नाही."

"पण ताई, डिस्क अडीचशे जीबीची म्हणाली होतीस."

थोरलीनं आणखी एक शब्द टाइप केला. पडद्यावर डिस्कचं नाव आलं आणि त्याखाली दोन फाटे फुटले. "डिस्क एकच, आत वाटण्या दोन. ही पन्नासची यंत्राची, ही आपली. मधे भिंत. तिकडचं इकडं होत नाही."

"यंत्रांतसुद्धा भाऊबंदकी?"

थोरली हसली नाही. तिनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत चढवला. चिमणीला तो चष्मा ओळखीचा होता. वाईट बातमीआधी तो पुसला जायचा.

"आईचं काढावं लागेल."

शेवटचं वर्षभर आई पलीकडच्या खोलीत अंथरुणावर होती, आणि चिमणी फावल्या वेळात उशीजवळ माइक ठेवायची. आई गळक्या नळाला शिव्या देतेय. आई अर्धवट आठवणारं गाणं मधूनच उचलतेय. आई म्हणतेय, हे माइकचं बोंडूक आधी बंद कर गं, मेल्यावर काय मी बोलायला येणार आहे? हे सगळं या दोनशेत होतं आणि आणखी कुठंच नव्हतं. प्रती ठेवायची बाहेरची डिस्क उन्हाळ्यात मेली होती.

"जुनी कामं काढू या ना."

"त्यांचे पैसे घेतलेत. उद्या कुणी मागायला आलं तर तुझं तोंड दाखवू?"

"मग नळाचं काढ. त्यात बोलणं कमी, पाणीच जास्त."

"चिल्लर काढून काय होतंय? आठवड्यानं पुन्हा हीच रडगाणी. थांब, आकारानं लावते."

ओळी भराभरा सरकल्या आणि जड होत्या त्या वर येऊन बसल्या. सगळ्यांत वर, एकटीच चार जीबीची, आईचा शेवटचा दिवस. सकाळी माइक ठेवला होता आणि तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"ही," थोरली म्हणाली.

"ही नको."

"ऐकलीयेस का कधी?"

"नाही." चिमणीनं टेबलाच्या कडेचा सुटलेला पापुद्रा नखानं दाबून धरला. "धीर होत नाही."

"मग झालं तर. न ऐकलेलं गेलं तर तुझं काय गेलं?"

"ताई."

"लिफ्टमध्ये तूच सांगतेस ना, भार जास्त झाला आहे, कृपया एकाने बाहेर यावे? मग येऊ दे की एकाला."

चिमणी त्या ओळीकडं बघत राहिली. ऐकलं नसलं तरी त्यात काय आहे हे तिला ठाऊक होतं, कारण आईजवळ ती होती आणि तो माइक होता, तिसरं कुणी नव्हतं. थोरली तेव्हा औषधं आणायला गेली होती. आईनं भिंतीकडं तोंड करून, अगदी सहज, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं सांगितलं होतं: "थोरलीपाशी कधी काही मागू नकोस. ती देईल, नाही असं नाही. पण मोजून देईल."

हे ताईच्या कानावर कधी पडलं तर? एखाद्या रिकाम्या दुपारी तिनं सहज हेडफोन चढवले तर? जिनं वर्षभर आईची धुणी धुतली, तिला हे ऐकावं लागलं तर? चिमणीचं नख पापुद्र्यावरून सुटलं. जाऊ दे, एका परीनं बरंच आहे, निदान तिला तरी कळायचं नाही.

"बरं. पूस."

"मी नाही. माझ्या हातानं गेलं की जन्मभर ऐकवशील. तू पूस."

थोरली एकेक अक्षर सांगत गेली, चिमणी दाबत गेली. पुसायला दोनच अक्षरं लागतात आणि मग फाइलचं नाव. खात्री आहे ना, असं यंत्रानं विचारलं नाही. खालची ओळ रिकामी येऊन उभी राहिली.

"झालं?"

"झालं. इथं कचऱ्याची टोपली नसते." थोरली उठली. "चहा टाकते."

आत भांडं वाजलं. चिमणीनं मघाची शिल्लक पुन्हा मागितली; तेवढं आता तिला येत होतं. एकूण दोनशे. वापरलेले एकशे शहाऐंशी. शिल्लक चार. या वेळी समोर ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते वाचलं नाही, नुसतं पाहिलं. मग बोटांवर मिळवलं. पुन्हा मिळवलं.

थोरली दोन कप घेऊन आली.

"ताई, एकशे शहाऐंशी आणि चार, एकशे नव्वदच होतात."

"होतात."

"मग वरचे दहा?"

"ते राखीव असतं."

"कुणासाठी?"

"रूटसाठी. यंत्राच्या मालकासाठी."

"तो कोण?"

"मी."

चिमणीनं कप उचलला नाही. "म्हणजे मघाशीसुद्धा दहा होते."

"होते की."

"सोडता आले असते?"

"एका ओळीचं काम." थोरलीनं चहावरची साय बोटानं बाजूला केली, कपाच्या कडेला पुसली आणि एक घोट घेतला. "पण मी आपली मोजूनच देते. तुला सांगितलं होतं ना तिनं?"

दारावरची घंटा वाजली. लिफ्टवाल्याला थोरलीनंच आत घेतलं, तोंडभरून हसत, बसा म्हणत. चिमणी काचेपलीकडं गेली. कागद समोर होता, ओळी पाठच होत्या. तांबडा दिवा लागला आणि काचेमागं थोरलीचं बोट वर झालं.

"भार जास्त झाला आहे. कृपया एकाने—"

बोट खाली आलं. हेडफोनमध्ये ताईचा आवाज अगदी जवळून, मायेनं आल्यासारखा आला.

"आवाज कापतोय गं जरा. हा पुसते. परत घे."