अव्वाचा डावा हात

परभणीहून भाड्यानं केलेली मोटार जिंतूरला पोचली, तेव्हा माझ्या भावाच्या, रेवणप्पाअण्णाच्या दारात चपलांचा ढीग पडलेला. तान्हीला कडेवर घट्ट धरून मी आत धावले.

"घाबरू नको गिरजे," अण्णा म्हणाला. "अव्वानं अन्न सोडलंय. लिंगैक्याच्या, शिवात मिळून जायच्या वाटंला लागली. सारं गाव पाया पडायलंय."

"शफाखान्यातले डॉक्टर येऊन गेले का?"

"पुण्याईला काय डॉक्टर दाखवायचा? कॉलेजात हेच शिकलीस का?"

अव्वा, माझी आई, खाटेवर होती. अंगावर नवं इरकल, कपाळावर ताजी विभूती. बायका नारळ ठेवून तिच्या पायांना हात लावत होत्या. तिचे ओठ सालपटले होते. तान्हीला ताप आला की तिचेही असेच होतात, म्हणून मी नीट पाहिलं. जायला निघालेल्या माणसाची नजर निवते म्हणतात. अव्वाची तर पाण्याच्या तांब्यावर खिळली होती.

बायका गेल्यावर लुगडं बदलायचं निमित्त करून मी दार लोटलं. डाव्या मनगटाची कातडी सोलली होती. खाटेच्या पायाला चिंधी वळून केलेली दोरी लोंबत होती.

"अव्वा, कुणी बांधलं?"

"कुणी न्हाई. आडकला आसंल हात." मग हळूच म्हणाली, "रेवणला बोलू नको. तू जाशील निघून. मला हितंच ऱ्हायचंय."

दारात महादेवी वैनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्या बांधलं वन्सं. आंघोळीला म्हणून पहाटं आडाकडं जाती. एकडाव काठावरून वढून आणली. पोरं, दुकानातली माणसं, सैपाक. किती डोळे आणू?"

"जेवताना सोडायचीस?"

"सोडायची की! तर म्हणती, आधी पूजा. म्या म्हणायची, जेव आधी. ताट तसंच माघारी जायचं."

लिंगपूजेवाचून अव्वानं जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिला न्हाऊ घालून, धरून बसवायला हवं होतं. तेवढी सवड कुणाला झाली नाही. आणि उपाशी बाईला पुण्यवान म्हणायला सगळे मोकळे!

मी पाणी तापवलं. न्हाऊ घातल्यावर वैनीनं पाठीला आधार दिला. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून अव्वानं डाव्या तळहातावर घेतलं. तो हात मी खालून धरला. पूजा झाल्यावर ती चमच्याचमच्यानं पाणी प्याली, मग मऊ कण्या खाऊ लागली.

अण्णा आत आला आणि थबकला. "हे काय चालवलंय? भाईर माणसं बसलीत. त्यांना काय सांगू?"

"सांग, अव्वा जेवायलीय."

"हसतील मला!"

"मग ही दोरी दाखवू का त्यांना?"

अण्णानं दोरीकडं पाहिलं, मग वैनीकडं. वैनीनं मान खाली घातली नाही. बाहेर कुणीतरी नारळ फोडला.

अव्वाचा घास तोंडातच राहिला होता. गिळू की नको, असं ती अण्णाच्या चेहऱ्याकडं बघत होती.

"वैनी, मोटारवाल्याला निरोप धाडा," मी म्हणाले. "मी माघारी येत नाही म्हणावं. आणि परभणीला घरी कळवा, मला किती दिवस लागतील सांगता येत नाही."

मी तान्हीला वैनीच्या मांडीवर दिलं आणि खाटेवर सरकून अव्वा आणि अण्णाच्या मधे बसले.

"गीळ, अव्वा."