लोकनाथबाबूंची सही

आमच्या मतदारसंघात आमदाराची परीक्षा भाषणावरून होत नाही, पत्रावरून होते. इस्पितळात खाट हवी असते, कुणाची बदली अडलेली असते, वादळात उडालेल्या शाळेला छप्पर हवं असतं, मग माणूस सकाळी मुढी, म्हणजे चुरमुरे, खाऊन सायकल हाणत बंगल्यावर येतो आणि म्हणतो, एक पत्र द्या. पत्राने काम झालं तर घराणं देवासारखं, नाही झालं तर त्याच घराण्याचा चौकात उद्धार. पट्टजोशींचं घराणं तीन पिढ्या या परीक्षेला बसलं आणि त्यातल्या दोन पिढ्यांची पत्रं मी, ब्रजबंधू सतपथीने, टाइप केली. हे मी मिरवून सांगतो, कारण मिरवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

मोठ्या वादळाच्या साली समुद्र आठ कोस आत आला. तेव्हा लोकनाथबाबू बावन्न वर्षांचे होते, चौथ्यांदा आमदार. एका दुपारी त्यांनी आपल्या नावाच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा पुढ्यात ओढला आणि कोऱ्या पानांच्या तळाशी सह्या करत सुटले. ‘ब्रज, मी पाण्यात चाललोय,’ मान वर न करता ते म्हणाले, ‘परत यायला आठवडा लागेल की पंधरवडा, सांगता येत नाही. लोक इथे येत राहतील. रडत येईल त्याला लिहून दे, ओरडत येईल त्याला चहा पाज.’ चौथ्या दिवशी त्यांची नाव उलटली. प्रेत सापडलं तेव्हा अग्नी द्यायला मुलगा नव्हता. कटकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी कादंबिनी पुढे झाली, आणि कुजबुजणाऱ्या भटजीला म्हणाली, ‘आजोबा, लाकडं ओली आहेत, आधी ती पेटतात का बघू, मग शास्त्राचं बोलू.’ त्याच क्षणी मला कळलं की पोटनिवडणूक कोण जिंकणार.

ती निवडून आली आणि सगळ्यांची अपा झाली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अपा म्हणतात. तिच्या आजोबांच्या वयाची माणसंही तिला अपाच म्हणू लागली आणि मीही. ती मात्र मला लहानपणापासूनचं मउसाच, म्हणजे मावसाच, म्हणत राहिली. राजकारण्यांच्या मुलांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आयतं ताट मिळालं की हात धुवायचंही विसरतात, पण हिच्याबद्दल मला एक अक्षर मागे घ्यावं लागलं नाही. कंत्राटदाराने बांधात दगडांऐवजी वाळू भरली तेव्हा ती सात दिवस त्याच बांधावर चटई टाकून बसली आणि पाण्यात भिजवलेला पखाळ भातही तिथेच खाल्ला. दोनदा मंत्री झाली. एकदा पडली, तर दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बंगल्यावर हजर, म्हणे लोकांना काय माहीत मी पडलेय, त्यांची कामं थोडीच पडलीत.

आता त्या गठ्ठ्याचं. बाबू गेले तरी रडत येणारे थांबले नाहीत आणि मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहून देत राहिलो. वर चालू तारीख, मध्ये मजकूर, खाली बाबूंची सही. पहिल्या काही महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही, कारण अर्धे अधिकारी बाबूंच्याच हातचे होते. पुढे ते निवृत्त झाले, ज्यांनी बाबूंना पाहिलंही नव्हतं असे नवे आले, तरी पत्र चालतच राहिलं. अपाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगदीच अडलं तर वापरा. एरवी माझं द्या.’ त्यामुळे वर्षाला फार तर दहा कागद खर्ची पडत.

सही बदलते आहे हे बाबू गेल्यानंतर सहाव्या-सातव्या वर्षी माझ्या लक्षात आलं. आडनावाची शेवटची वेलांटी पूर्वी फटकाऱ्यासरशी वर जायची, ती आता थोडी थबकत होती. एका बैठकीत इतक्या सह्या करून हात दुखला असणार, अशी मी समजूत घातली. पण दहाव्या वर्षी अक्षरं मोठी झाली, चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाची होतात तशी. बाराव्या वर्षी ती डावीकडे कलू लागली. मी चाळीस वर्षं लोकांच्या सह्या पाहत आलोय. अर्ज हातात घेतला की माणूस चाळिशीचा की साठीचा ते मला सांगता येतं. गठ्ठ्यातला पहिला कागद त्या दुपारच्या बावन्न वर्षांच्या माणसाचा होता, आणि त्याखालचे कागद दर वर्षी वर्षाने म्हातारे होत होते.

सोळाव्या हिवाळ्यात सही ओळ सोडून खाली घसरली, एकावर एक अक्षरं चढली. पुढच्याच कागदावर ती पुन्हा स्वच्छ, नेटकी. मी दोन्ही कागद अपापुढे ठेवले आणि म्हणालो, ‘बाबूंनी मोतीबिंदू काढून घेतलेला दिसतोय.’ आम्ही दोघं खळखळून हसलो. मग तिचं हसणं थांबलं.

‘मउसा, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं?’

‘कार्तिकात.’

तिने कोरा कागद आणि स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं. ‘बाबांची सही करा. दहा वेळा.’

इतक्या वर्षांत मला एवढं कुणी दुखावलं नव्हतं. तरी मी केली. माझं अक्षर शाळामास्तरांचं, पट्टीने आखल्यासारखं; दहातली एकही सही बाबूंच्या जवळपास फिरकली नाही. तिने कागद खिडकीपाशी नेऊन प्रत्येक अक्षर पाहिलं आणि तो फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः केलेले अरिसे, आमच्याकडचे अनारसे, डब्यातून आणून माझ्या टेबलावर ठेवले. माफी वगैरे काही मागितली नाही, पण मी सगळे अरिसे तिच्यादेखत खाल्ले आणि विषय मिटला.

विषय मिटला तो माझ्यापुरता. तिच्या मनात दुसरंच काही सलत होतं आणि ते मला एका सकाळी दिसलं. आमचा जुना कार्यकर्ता बनमाळी एका आजारी माणसासाठी आला होता. अपाने लगेच पेन उघडलं, तर हा हात जोडून म्हणतो, ‘अपा, तुम्ही आमचं दैवत, पण तुमचं पत्र असू द्या. बाबूंचं मिळेल का? माणूस मरायला टेकलाय, आता प्रयोग नको.’

‘म्हणजे मी पंधरा-सोळा वर्षं प्रयोगच करतेय का रे?’ ती हसून म्हणाली.

‘तसं नाही हो! तुम्ही धावता, तुम्ही भांडता. पण ते नाव काढलं की काम आपोआप होतं.’

तिने पेनाचं टोपण लावलं. मला तिची फार दया आली आणि बाबूंचा, आयुष्यात पहिल्यांदाच, राग आला. गेलेल्या माणसाने मुलीला इतकं उन्हात उभं करू नये. तिला खुर्ची नको होती, हार नको होते. आपल्या एका सहीने एक माणूस वाचावा एवढंच तिला हवं होतं, आणि जे तिला मिळत नव्हतं तेही एवढंच.

तेविसाव्या वर्षी मी एक कागद काढला, तर त्यावर नावाची पहिली दोन अक्षरं होती आणि पुढे नुसती रेघ, घरंगळत जाऊन कागदाच्या कडेवरून खाली गेलेली. मी तो अपाकडे दिला.

‘बास,’ ती म्हणाली. ‘किती राबवायचं त्यांना? निजू द्या आता.’

उरलेले थोडे कागद तिने स्वतः लाल फडक्यात बांधले, कपाटात ठेवले आणि किल्ली माझ्याकडे दिली. त्यानंतरची दोन वर्षं मी तिला जेवढं राबताना पाहिलं तेवढं कुणालाच पाहिलेलं नाही. तिच्या पत्राला जे वजन नव्हतं ते ती पायांनी भरून काढायची. पत्र पाठवायचं, मागोमाग फोन करायचा, फोन उचलला नाही तर गाडी काढून स्वतः जायचं आणि अधिकाऱ्याच्या दाराबाहेर बाकावर लोकांत बसायचं. पुष्कळ कामं होत. पन्नाशी उलटली होती, पाय सुजायचे, टेबलाखाली चपला काढून ती सह्या करायची.

यंदा जूनमध्ये, रजसंक्रांतीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, गावोगाव झोपाळे अजून झाडांना बांधलेले असताना, सेबती बेहेरा नावाची कोळीण आली. नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, भुवनेश्वरच्या इस्पितळात जागा मिळत नव्हती. अपाचं पत्र तिने दोनदा नेलं होतं आणि दोनदा परत आणलं होतं. अपा स्वतःही एकदा जाऊन आली होती.

‘रागावू नका, अपा,’ सेबती उभ्याउभ्याच म्हणाली, ‘तुम्ही माझ्यासाठी तिथे तासभर बसलात, माझी सख्खी बहीण बसली नसती. पण आता बाबूंचं एक द्या. एकच. त्याला आजचा दिवस आहे, उद्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत.’

अपाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘काढा, मउसा.’

मी कपाट उघडलं. गठ्ठा मला आठवत होता त्याहून जड लागला. फडकं सोडलं आणि वरचा कागद उचलला. माथ्यावर लोकनाथबाबूंचं नाव छापलेलं, त्यांचा जुना पत्ता, सगळं तेच. तळाशी सही होती, कादंबिनी पट्टजोशी.

‘ह्या कधी केल्यात?’ मी विचारलं.

‘मी नाही केल्या,’ ती म्हणाली. पण कागद तिने हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. ‘टाइप करा. तिची बस चुकेल.’

मी टाइप केलं. एवढं नीट पत्र मी कधी टाइप केलं नसेल आणि एवढ्या नाखुशीनेही नाही. सेबती कागद पदरात गुंडाळून पळाली. दुपारी चारला तिचा फोन आला. पत्र वाचताच मोठे डॉक्टर खुर्चीवरून उठले होते, नवऱ्याला आत घेतलं होतं, डायलिसिसची सुई लागली होती. अपाने फोन ठेवला आणि पहिल्या निवडणुकीच्या निकालाला ओरडली होती तशी ओरडली. ‘मउसा, झालं! माझ्या नावाने झालं!’ तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि माझ्याही, कारण पंचवीस वर्षं ती ह्याची वाट पाहत होती हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग तिने गठ्ठा पुढ्यात ओढून घेतला आणि एकेक कागद उलटू लागली. ते सगळे मी ती फोनवर असताना पाहून ठेवले होते. सगळ्यांवर तिचीच सही होती, आणि दहा-बारा कागदांनंतर शेवटचं अक्षर थोडं थबकत होतं.

तिने सगळ्यात वरचा कागद माझ्यापुढे धरला. ‘तुम्हाला सहीचं वय कळतं ना? सांगा बरं, ही कोणत्या सालची आहे?’

मी चष्मा पुसला, पुन्हा लावला. बाबूंच्या गठ्ठ्यातला वरचा कागदही ते गेले त्याच सालचा होता; खोटं सांगावं असं मनापासून वाटलं, पण त्या घरात मी कधी खोटं टाइप केलं नव्हतं.

‘ह्याच,’ मी म्हणालो.

तिने समाधानाने मान हलवली, पाय चपलांत सरकवले आणि उद्याच्या गावांची यादी वाचायला सांगितली.